चंचलतेच्या मुळाशी : मुलांचे अवधान आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती

आषाढातील तिकोणा पेठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तेथील ओलावा वेगळा सांगावा लागत नाही. गडाचा त्रिकोणी माथा दिवसचे दिवस ढगांत हरवलेला असतो. पवना धरणाच्या बाजूने वारा सरींवर सरी घेऊन येतो. खाचरांत भातलावणी चाललेली असते आणि घरात भिंतींवर बुरशीचे काळसर डाग उमटतात, गाद्यांना दमट वास येतो. कामशेतला किराण्याचे दुकान असलेल्या माझ्या दिरांनी पेठेत एक लहानसे घर बांधले आहे. गतवर्षी आषाढात आम्ही सारे तेथे चार दिवस राहिलो होतो.

सोबत माझा नऊ वर्षांचा नातू होता. पहाटेपासून त्याच्या शिंका सुरू होत. दिवसभर नाक चोळणे, हातापायांच्या सांध्यांवरील कोरडी, खाजरी त्वचा ओरबाडणे, आणि एका जागी म्हणून न बसणे. शाळेच्या वहीत अर्धे उदाहरण सोडवून तो उठे, पाठशाळेतील सूत्र म्हणता म्हणता मधलाच शब्द विसरे, आणि रागावले की डोळ्यांत पाणी आणून गप्प राही. तिसऱ्या दिवशी मी, तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविलेली बाई, सर्वांसमक्ष सुनेला म्हणाले, "हे सारे तुझ्या लाडांचे फळ आहे. मुलाला वळण म्हणून नाही."

ती काही बोलली नाही. त्या रात्री पावसाच्या आवाजाने मला जाग आली, तेव्हा ती मुलाच्या उशाशी बसलेली दिसली. तो तोंड उघडे टाकून घोरत होता, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन कूस बदलत होता, आणि ती हाताने त्याचे डोके उंच धरीत होती. "रोज असेच असते, मम्मी," एवढेच ती म्हणाली.

या लेखाचे बीज त्या रात्रीत आहे. पुण्यास परतल्यावर आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मुलाच्या वर्तनाविषयी विचारण्यापूर्वी त्याचे नाक, त्वचा, झोप आणि रक्त यांची चौकशी केली. अवधानाच्या तक्रारीत नाकाचा आणि त्वचेचा काय संबंध, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, समजून घेतले, ते आपल्या घराघरांतील आयांपर्यंत आणि विशेषतः आज्यांपर्यंत पोहोचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

खोडी नव्हे, अवस्था

ज्या अवस्थेला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, तिला मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणता येईल. जगभरातील अभ्यासांचा मेळ घातला असता शंभरांपैकी सुमारे पाच मुलांत ती आढळते. प्रत्येक खोडकर मूल तिच्यात मोडत नाही. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाच्या जगण्यात खरोखर अडथळा यावा, अशा कसोट्या लावूनच निदान होते. केवळ रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने ते होत नाही.

जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून असे दिसते, की या अवस्थेच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिकतेने स्पष्ट होतो. म्हणजे आईने लाड केले म्हणून ती होत नाही आणि वडील ओरडले म्हणून ती जात नाही. उरलेल्या भागात जन्मापूर्वीचे व जन्मानंतरचे अनेक घटक येतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, शिशाचा संसर्ग ही त्यांतील परिचित नावे. अलीकडे त्या यादीत रोगप्रतिकारक यंत्रणेचे नाव गांभीर्याने घेतले जाऊ लागले आहे.

शतकापूर्वीची एक साथ

ही शंका तशी नवी नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, ज्यांची बुद्धी चांगली होती, पण ज्यांना स्वतःला आवरता येत नव्हते. पुढे १९१७ साली व्हिएन्नामध्ये कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो यांनी मेंदूला सूज आणणाऱ्या एका विलक्षण रोगाचे वर्णन केले. त्यात रोगी दिवसेंदिवस झोपून राही. ही साथ दशकभर जगात फिरली. जी मुले तीतून वाचली, त्यांतील अनेकांचा स्वभावच पालटला. पूर्वी शांत असलेली मुले अस्वस्थ, उतावळी आणि अनावर झाली. आई-वडील तेच होते, शाळा तीच होती, वळण तेच होते. पालटला होता तो मेंदू. चंचलतेचे मूळ संस्कारांत नसून शरीरातही असू शकते, हे वैद्यकाने त्या साथीतून प्रथम ठळकपणे पाहिले.

त्या रोगाचे कारण आजही वादात आहे, आणि आजच्या एडीएचडीचा त्याच्याशी थेट संबंध जोडणे योग्य नव्हे. परंतु संसर्ग, त्याला शरीराने दिलेला प्रतिसाद आणि मुलाचे वर्तन यांच्यात वाट असू शकते, हा विचार तेथून रुजला.

पहारेकरी आणि माळी

ही वाट कशी असेल, हे समजण्यासाठी आपला नेहमीचा अनुभव पुरेसा आहे. ताप आला की मन कशात लागत नाही. पुस्तक वाचवत नाही, बोलणे नकोसे वाटते. ताप आलेल्या शरीरातील प्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदू शरीराला विश्रांती घ्यायला लावतो. ही निसर्गाची सोय आहे. प्रश्न असा, की प्रतिकारक यंत्रणा थोडीथोडी पण सतत जागी राहिली तर काय होईल? ॲलर्जी, दमा आणि त्वचेचा इसब या तिन्हींत नेमके तेच घडते. धूळ, परागकण, बुरशी अशा निरुपद्रवी गोष्टींना शत्रू समजून पहारेकरी रात्रंदिवस आरोळ्या देत राहतो.

मेंदूच्या आतही प्रतिकारक पेशी असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. त्या केवळ पहारेकरी नाहीत, तर माळीही आहेत. बालपणी मेंदूत गरजेपेक्षा अधिक जोडण्या तयार होतात आणि नको असलेल्या जोडण्या छाटून टाकण्याच्या कामात या पेशींचा वाटा असतो. उंदरांवरील प्रयोगांत हे गेल्या दीड दशकात स्पष्ट दिसून आले आहे. माळ्याचे लक्ष आरोळ्यांनी विचलित झाले, तर छाटणी कमी-अधिक होईल, असा तर्क आहे. मुलांच्या अवधानाच्या बाबतीत तो अद्याप तर्कच आहे.

आकडे काय सांगतात

पुरावा मिळतो तो मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांतून. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनेक देशांतील तीस लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करण्यात आली. दमा असलेल्यांत एडीएचडी आढळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट निघाली. इसब आणि ॲलर्जीच्या सर्दीबाबतही असे संबंध अनेक अभ्यासांत दिसले आहेत.

दीडपट हा शब्द ऐकून घाबरू नये. साधारण शंभर मुलांत पाच असतील, तर दमेकरी शंभर मुलांत सुमारे सात. म्हणजे दमा असलेल्या बहुसंख्य मुलांचे अवधान उत्तम असते, आणि एडीएचडी असलेल्या कित्येक मुलांना ॲलर्जीचा स्पर्शही नसतो. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असे ठरत नाही. दोघींचे मूळ तिसऱ्याच गोष्टीत असू शकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गर्भावस्थेतील संसर्गाचे आहे. गरोदरपणी ज्या मातांना गंभीर संसर्ग झाला, त्यांच्या मुलांत एडीएचडी थोडा अधिक दिसतो, असे नोंदींवरून वाटत होते. स्वीडनमधील संशोधकांनी मग सख्ख्या भावंडांची तुलना केली. एकाच आईच्या ज्या मुलाच्या वेळी संसर्ग झाला आणि ज्याच्या वेळी झाला नाही, त्यांना शेजारी ठेवून पाहिले. तेव्हा तो फरक जवळजवळ विरून गेला. अर्थात आधीचा संबंध बहुधा कुटुंबातील समान आनुवंशिकतेतून किंवा परिस्थितीतून आलेला असावा. "गरोदरपणी तुला ताप आला होता ना, त्याचेच हे" असे सुनेला ऐकविणाऱ्या प्रत्येक घराने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

वाट झोपेतून आणि रक्तातून

मग डॉक्टरांनी नाक का तपासले? कारण मेंदूपर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म वाटा अजून अंधुक असल्या, तरी दोन वाटा पुरेशा उजेडात आहेत, आणि त्या दोन्हींवर उपाय करता येतो.

पहिली वाट झोपेची. ॲलर्जीने नाकाचे अस्तर सुजते, नाकामागील अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढते, मूल तोंडाने श्वास घेते, घोरते, आणि त्याची झोप रात्रभर तुटत राहते. इसबाची खाजही रात्री झोप मोडते. झोप न झालेला मोठा माणूस पेंगतो, लहान मूल मात्र पुष्कळदा उलट वागते. ते अधिक चळवळे, अधिक चिडके होते. शिवाय सर्दीच्या अनेक जुन्या औषधांत क्लोरफेनिरामिनसारखे घटक असतात, ज्यांनी गुंगी येते आणि दिवसाचे लक्ष मंदावते. आम्ही नातवाला पावसाळाभर असेच एक गोड औषध डॉक्टरांना न विचारता देत होतो.

दुसरी वाट लोहाची. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार होण्यासाठी लोह लागते, आणि अवधानाचा डोपामिनशी निकटचा संबंध आहे. फ्रान्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात एडीएचडी असलेल्या ५३ मुलांपैकी ८४ टक्के मुलांत लोहाचा साठा दर्शविणारे फेरिटिन कमी निघाले, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. नंतरच्या सर्व अभ्यासांत इतका मोठा फरक दिसला नाही, पण प्रश्न महत्त्वाचा ठरला. येथे रोगप्रतिकारक यंत्रणा पुन्हा येते. शरीरात दाह असला, की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक सोडते. त्यामुळे आतड्यातून लोह कमी शोषले जाते आणि असलेला साठा कुलुपात राहतो. जंतूंना लोह मिळू नये, यासाठी ही युक्ती आहे. वारंवार आजारी पडणारे मूल म्हणूनच चांगले खाऊनही लोहाला पारखे राहू शकते. याच कारणाने तापात फेरिटिनचा आकडा फसवा उंच येतो. ती तपासणी आजारातून बरे झाल्यावर करावी.

आपल्या राज्यात हा प्रश्न दूरचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला.

पुण्याजवळची सहा खेडी

अवधान आणि आहार यांविषयीचा एक मोलाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. निम्म्याहून अधिक गर्भवतींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. मुले नऊ वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या मातांचे बी-१२ गरोदरपणी अगदी कमी होते आणि ज्यांच्या मातांचे उत्तम होते, अशा दोन गटांची तुलना केली गेली. निरंतर अवधान मोजणाऱ्या रंगीत ठिपके जोडण्याच्या चाचणीस पहिल्या गटाला सरासरी १८२ सेकंद लागले, दुसऱ्याला १५९. अल्पकालीन स्मृतीतही थोडा फरक दिसला. इतर चाचण्यांत दोन्ही गट सारखेच होते.

हा अभ्यास एडीएचडीचा नव्हता आणि रोगप्रतिकारशक्तीचाही नव्हता. पण शाकाहारी घरांना तो थेट लागू पडतो. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. आपल्याला ते प्रामुख्याने दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते. ज्या घरांत सून सर्वांना वाढून उरलेले ताक स्वतः घेते, तेथे याचा विचार व्हायला हवा. गर्भवती आणि वाढत्या मुलांची तपासणी करून वैद्यकीय सल्ल्याने पूरक औषध घेण्यात व्रताला बाधा नाही. औषधातील बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने तयार केले जाते, प्राण्यांच्या मांसातून काढले जात नाही. मात्र काही औषधांच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते. म्हणून गोळी किंवा द्रव औषध मागून घ्यावे.

लोहाचेही तसेच. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्या वर्ज्य असतात. त्या काळात मोड न आणलेली कडधान्ये, बाजरी, नाचणी, राजगिरा, तीळ, खजूर यांचा आधार वाढवावा. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी शोषले जाते. लोहाचे औषध मात्र तपासणीविना देऊ नये. लहान मुलांत त्याचा अतिरेक घातक ठरतो, म्हणून ती बाटली त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

सावध राहावे असे काही

जेथे विज्ञान "कदाचित" म्हणते, तेथे बाजार "नक्की" म्हणतो. प्रतिकारशक्ती वाढवून चंचलता घालविण्याचा दावा करणारी चूर्णे, थेंब आणि महागडे तपासणी-संच पालकांच्या काळजीवर पोसले जातात. मुळात ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती चुकीच्या जागी खर्च होते. तिला "वाढविणे" हा त्यावरचा उपाय नव्हे.

रक्तातील आयजीजी पाहून अन्नपदार्थ बंद करण्याची पद्धतही अशीच. २०११ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधील शंभर मुलांवरील प्रयोगात अत्यंत मर्यादित आहाराने काही मुलांच्या वर्तनात सुधारणा दिसली, पण कोणते अन्न कोणाला बाधेल, हे आयजीजी तपासणीवरून सांगता आले नाही. तेव्हा अशा अहवालावरून मुलाचे दूध, गहू, डाळी तोडू नयेत. आधीच मर्यादित असलेला आपला आहार आणखी आखडल्यास लाभापेक्षा हानी अधिक. खाद्यरंगांची गोष्ट थोडी निराळी. २००७ साली इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथील प्रयोगात काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने सामान्य मुलांचीही चंचलता किंचित वाढलेली आढळली. युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या वेष्टनावर सूचना छापावी लागते. रंगीत गोळ्या-सरबते कमी केल्याने मुलाचे काहीच बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची. मुलाचे वर्तन एक-दोन दिवसांत अकस्मात पालटले, घसादुखी किंवा तापानंतर विचित्र झटके, हातापायांच्या अनावर हालचाली, तीव्र भीती किंवा शिकलेले विसरणे सुरू झाले, तर ती नेहमीची चंचलता समजू नये. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये क्वचित मेंदूवरच उलटतात. संधिवाती तापानंतरचा कंपवात त्यातलाच. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आजचे उपचार

एडीएचडीसाठी रोगप्रतिकारक यंत्रणेवर काम करणारा कोणताही मान्य उपचार आज नाही. सिद्ध उपचार पूर्वीचेच आहेत. पालकांना वर्तन-मार्गदर्शन, शाळेत पुढचा बाक, लहान टप्प्यांत काम, ठरलेली दिनचर्या आणि गरज असल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध. सोबत ॲलर्जी, दमा, झोप आणि रक्तक्षय यांचा नीट बंदोबस्त. त्यासाठी मोठ्या शहरातच जावे लागते असे नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय शाळांत जातात, आणि त्यांच्या तपासणीत अवधानाच्या अडचणींचाही समावेश आहे. पेठेतील शाळेतल्या मुलालाही हा हक्क आहे. आपल्या दुकानात, शेतात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी एवढी माहिती आपण जरूर पोहोचवावी.

आमच्या नातवाचे काय झाले? त्याचे फेरिटिन कमी निघाले. गुंगीचे औषध बंद झाले, नाकातील फवारा सुरू झाला, गादी-उशा उन्हात पडू लागल्या, रात्री नऊला दिवा मालवू लागला. महिन्याभरात घोरणे थांबले आणि सकाळची चिडचिड पुष्कळ ओसरली. पण सारे काही त्याने मिटले नाही. सविस्तर तपासणीत एडीएचडीचे निदान कायम राहिले. आजही उदाहरण अर्धे राहते, पाण्याची बाटली शाळेत विसरते. फरक एवढाच, की आता त्याची अडचण कोणती आणि त्याचा दमलेपणा कोणता, हे आम्हाला वेगळे ओळखू येते. तो सूत्र दोन-दोन ओळींनी शिकतो, मधे उठून अंगणात एक फेरी मारतो आणि परत येऊन बसतो.

भाद्रपदात संवत्सरी आली. दरवर्षी मी घरातील सर्वांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणते. कळत-नकळत काही झाले असेल तर, अशा मोघम भावनेने. त्या वर्षी सुनेसमोर उभी राहिले, तेव्हा अपराध मोघम नव्हता. त्याला ठिकाण होते, दिवस होता, आणि शब्द मला पाठ होते. मी ते तिच्यासमोर पुन्हा उच्चारले आणि मग क्षमा मागितली. ती पाया पडण्यास वाकली. मी तिला धरून उभे केले. तेवढ्यात नातू धावत आला, अर्धे "मिच्छामि" म्हणाला आणि उरलेला शब्द विसरून हसू लागला. त्याला कोणी रागावले नाही.